मोतीरामकाकांनी दिलेलं वावर

मोतीरामकाकांनी आयुष्यात एकही वावर विकलं नाही, असं ते स्वतः सांगतात. आणि हे सांगणारा माणूस धंद्यानं जमिनीचा दलाल आहे. ते वावर ‘देतात’. लेक देतात तसं. गिऱ्हाईक आलं की त्यांच्या भाषेत पाव्हणे आले. भाव ठरला की सोयरीक जमली. सातबाऱ्याला ते पत्रिका म्हणतात, आणि खरेदीच्या दिवशी धुतलेलं धोतर, पांढरी टोपी अशा थाटात चेहरा पाडून उभे राहतात. ज्याची जमीन जात असते तो मालक बिचारा बाजूला चहा पीत हसत असतो, आणि डोळे पुसतात काका.

मी हे सगळं रोज बघते, कारण काकांची बैठक माझ्याच दुकानातल्या बाकड्यावर. मंगरूळपीरला कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझी टपरी आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं यंत्र आणि मी. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड, काय लागेल तो दस्त लिहून देते. हक्कसोड सगळ्यात जास्त. बहिणी येतात, बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून देतात, भाऊ समोरच्या हॉटेलात आलुबोंडा खाऊ घालतो आणि एसटीत बसवून देतो. असा एक आलुबोंडा मीही खाल्ला आहे. त्यामुळे माझ्यासमोर कुणी ‘लेक देणे’ असलं काही बोललं की माझं डोकं फिरतं.

पहिल्याच भेटीत मी त्यांना झापलं होतं. लेक काय तुरीचं पोतं आहे का, उचललं अन् दिलं? काका रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मला समजावून सांगितलं की सगळं जग जमिनीला माय म्हणतं आणि तिथंच चुकतं. माय विकता येते का? नाही. मग माय म्हणायचं आणि दलाली खायची हे पाप झालं. लेक मात्र कधीतरी द्यावीच लागते, फक्त घर बघून द्यावी.

“आनं आपल्यात पैसे नवरदेव देते,” ते म्हणाले. “येवढं तं बरं हाय ना पोरी?”

मी त्यांना चहा सांगितला.

तेव्हापासून बाकडं त्यांचं झालं.

आता त्यांच्या धंद्याची तऱ्हा ऐका. आमच्याकडचे बाकीचे दलाल वावर दाखवतात श्रावणात. सगळं हिरवंगार, बांधावर गवत, विहीर तुडुंब. पुण्या-नागपूरचा माणूस गाडीतून उतरला की फोटो काढूनच अर्धा खरेदी झालेला असतो. आमचा बबन तर ड्रोन उडवतो. त्याच्या तोंडात वावर हा शब्दच नाही, ‘लोकेशन’ आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तो पांढऱ्या गाडीतून फिरतो आणि महामार्गावरून उतरल्यापासून अमुक मिनिटं, एवढ्या एका वाक्यावर माळरानं विकतो.

मोतीरामकाका वावर दाखवतात वैशाखात. भर दुपारी. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, विहिरीच्या तळाला हिरवं पाणी, सावलीला एक बाभूळ. पावडर लावून पोरगी दाखवणं ही फसवणूक आहे, असं त्यांचं मत. पाहुण्याला घाम फुटला की मग ते एकेक खोड सांगायला सुरुवात करतात. या कोपऱ्यात पाणी साचतं. त्या बाजूनं रोही येतात, नीलगायींचा कळपच, तूर ठेवत नाहीत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी जुनं भांडण आहे, माणूस वाईट नाही पण तोंडाचा फाटका आहे. एकदा एका वावरात त्यांनी सांगण्यासारखी खोडच सापडेना म्हणून मालकाचीच सांगितली, आणि तो मालक शेजारी उभा होता.

मग पाहुण्याची चौकशी. घरात कोण कोण? सकाळी कितीला उठता? तुरीचं वरण आवडतं का? एका मोठ्या साहेबाला त्यांनी तुमचा राग कोणावर निघतो, असं विचारलं. साहेब म्हणाला, मी जमीन घ्यायला आलोय की नोकरीला लागायला? काका म्हणाले, दोन्ही एकच आहे बाप्पा. ती सोयरीक मोडली. बबननं तोच साहेब बारा दिवसांत दुसऱ्या वावरात बसवला आणि मला पेढे आणून दिले. काका पेढा खाऊन म्हणाले, चांगला आहे.

खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत माझ्या टपरीत जे लोक येतात त्यांच्याकडे बघून मलाही प्रश्न पडतो. पूर्वी जमीन घेणारा माणूस शेजारच्या गावचा असायचा आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा. आता विचारतात, पाच वर्षांत भाव कुठवर जाईल? कुणाला चंदन लावायचं असतं, कुणाला चिया, कुणी मोबाईलवर बघून आलेला असतो की सोन्यापेक्षा माती बरी. शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, म्हणून कुठल्या कुठल्या आजोबांचे सातबारे शोधून आणतात. ज्या आजोबांचं श्राद्ध कधी घातलं नसेल त्यांचा उतारा असा जपून धरतात की विचारू नका. यात वाईट काहीच नाही. पैसा आहे, कुठंतरी ठेवायचाय, बँकेत ठेवतात तसा आमच्या शिवारात ठेवतात. बँकेत ठेवलेल्या पैशावर गाजरगवत उगवत नाही, एवढाच काय तो फरक.

काकांचं स्वतःचं पाच एकर वावर होतं, समृद्धीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. चांगलं काळं. काकू गेल्या. एकुलता मुलगा पुण्यात, त्याचं फ्लॅटचं चाललेलं. काकांचे गुडघे गेलेले. मुलगा म्हणायचा बाबा, आता ठेवून करायचं काय, आणि त्याचंही खोटं नव्हतं. बबन आठवड्याला एक गिऱ्हाईक पाठवायचा. काका प्रत्येकाला वैशाखात या म्हणायचे, आणि वैशाखात आला तर त्याच्यात खोड काढायचे. एकाच्या गाडीत कुत्र्याला एसी होता, म्हणून नको. एक फोनवर बायकोशी उर्मट बोलला, म्हणून नको. जगाच्या सोयरिकी जमवणाऱ्याची स्वतःचीच घरी राहिली, असं रस्त्यावरचे लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

मग निखिल आला. पुण्याचा, कंपनीत कामाला, तिशी ओलांडलेला. साताऱ्याकडच्या आजोबांचा सातबारा त्याच्याकडे होता. भर उन्हात काकांनी त्याला सगळ्या खोडी सांगितल्या आणि मुद्दाम त्याला एकटं सोडून बाभळीखाली जाऊन बसले. लांबून बघत होते. निखिल वावराच्या मध्यावर गेला, उकिडवा बसला आणि एका भेगेत त्यानं कोपरापर्यंत हात घातला. परत येऊन म्हणाला, “काका, खाली अजून गार आहे.”

झालं. काका विरघळले.

मी म्हटलं, अहो, हात घातला म्हणजे काय नांगर धरणार आहे का तो? भाव काय विचारला ते सांगा. तर म्हणे विचारलाच नाही, त्याच्या सल्लागारानं आधीच विचारून ठेवला होता. मी म्हटलं, घ्या, इथंच कळलं. पण काका ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. जावई माझा भला, असं चाललं होतं. खरेदीच्या दिवशी पहिल्यांदाच असं झालं, की जमीन जाणारा मालक आणि चेहरा पाडून उभा राहणारा माणूस एकच होता. सही करताना हात थांबला. मी मुद्दाम प्रिंटरशी खुडबुड करत बसले. दिल्या घरी सुखी राहा, असं काहीतरी ते पुटपुटले, त्या कागदाला की निखिलला, ते मला समजलं नाही.

महिन्याभरात वावराला तारेचं कुंपण झालं. लोखंडी गेट, गेटला कुलूप, पाटी: खाजगी मालमत्ता. काका म्हणाले, चांगलं आहे, रोही यायचे नाहीत.

मृग गेला, सगळ्या शिवारात पेरणी झाली. त्या पाच एकरात कुणी फिरकलं नाही.

काका म्हणाले, नवीन आहे, शिकंल. पुढच्या वर्षीही कुणी आलं नाही. गाजरगवत कमरेला आलं, पाटीवर वेल चढला. तारेतून वाट करून रानडुकरांनी आत घरं केली. शेजारचे लोक काकांना शिव्या घालायला लागले, तुमच्या जावयानं आमच्या सोयाबीनची वाट लावली म्हणून. काका दर सोमवारी एसटीनं तिथं जायचे, कुंपणाबाहेर उभे राहायचे आणि पुढच्या एसटीनं परत यायचे. आत जायचे नाहीत. बाकड्यावर येऊन बसले की तास तास बोलायचे नाहीत. धंदाही मंदावला. दुसऱ्याच्या वावराला पाहुणा आला की म्हणायचे, बबनकडं धाडा.

मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एक दिवस बोललेच. म्हटलं, काका, पोटच्या पोरीसाठी एवढं कुणी करत नाही. जमीन आहे ती. चांगला भाव आला, मुलाचं घर झालं, जमिनीला काय कळतंय?

“तिले नाई कळत,” ते म्हणाले. “मले कळते ना. म्या पाह्यलं ना घर. घर पाह्यलं तं लोक बापालेच विचारतेत, कसं पाह्यलं म्हनून.” मग म्हणाले, “लेक आजारी नाई, काई नाई. बसून हाय नुसती. कोनी हात नाई लावून राह्यला तिले. हे बी हालच हायेत पोरी.”

लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं मला सासरच्या घरात कुणी चहासुद्धा करू दिला नव्हता, सुनेला जमत नाही म्हणून. ते कसं असतं हे मला माहीत आहे.

त्या वैशाखात काकांनी मला निखिलला फोन लावायला सांगितलं. त्यांचा फोन नेहमी बंद असतो, चार्जिंग वाया जातं म्हणून. मी लावून दिला. काकांनी घसा साफ केला, ख्यालीखुशाली विचारली आणि म्हणाले, पोरीले चार महिने माहेरी न्याव म्हनतो, तुमची हरकत नसंल तं.

पलीकडून निखिलचा आवाज: “काका, कोणाची मुलगी?”

मी फोन ओढून घेतला. म्हटलं, निखिलभाऊ, तुमचं वावर. काकांना यंदाचा खरीप तिथं पेरायचा आहे. पीक आलं तर अर्धं तुमचं, नाही आलं तर नुकसान त्यांचं. निखिल चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. त्याला मनापासून आवडलं. पण सल्लागारानं बजावलं होतं की जमिनीत कुणालाही पाय ठेवू द्यायचा नाही, कसणारा कूळ म्हणून हक्क सांगतो आणि मग जमीन सुटत नाही. पडीक ठेवा, भाव तसाही वाढतोच आहे. म्हणजे दोन वर्षं ते वावर भीतीपोटी पडलं होतं. मी हे काकांना सांगितलं तर ते हसायलाच लागले, पण हसू काही धड नव्हतं. मी कूळ? स्वतःच दिलेल्या लेकीवर मी दावा सांगू?

मी निखिलला म्हटलं, कूळबीळ लागणार नाही असा हंगामापुरता करार मी लिहून देते, तुमच्या वकिलाला दाखवा. त्यानं दाखवला. वकिलानं एक स्वल्पविराम बदलून होकार दिला. काकांचा मात्र आग्रह, की करारात ‘माहेरपण’ हा शब्द पाहिजे. मी म्हटलं, काका, हा स्टँपपेपर आहे, ओवी नाही. दोन दिवस रुसून बसले. शेवटी ‘खरीप हंगामापुरते, दिवाळीनंतर ताबा परत’ एवढ्यावर तह झाला.

आणि बघा, ज्या माणसाला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, तो माणूस त्या गाजरगवतात उतरला. ट्रॅक्टर लावला, मजूर लावले, रानडुकरं पळवली. सोयाबीन पेरलं. दर सोमवारची एसटी आता रोजची झाली. बाकड्यावर बसले की चिखलाचे पाय माझ्या फरशीवर. मी ओरडायचे, ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे आणि अजून पसरवायचे. बोलायला लागले. पाहुण्यांना परत प्रश्न विचारायला लागले. निखिलला दर आठवड्याला माझ्या फोनवरून वावराचे फोटो जायचे, खाली काका सांगतील तो मजकूर: तब्येत बरी हाय, जेवन चांगलं जाते.

सोयाबीन निघालं. फार नाही, फार कमी नाही. निखिलचा अर्धा हिस्सा काकांनी चोख पोचता केला. दिवाळी झाली. करार संपायला आठवडा राहिला असेल, आणि काका अचानक बाकड्यावरून गायब. दोन दिवस, तीन दिवस. मला वाटलं, आजारी पडले. चौथ्या दिवशी दुकान बंद करून मीच वावरावर गेले.

बघते तर काका धुऱ्यावर बसलेले आणि ट्रॅक्टर पेरणी करतोय. हरभरा.

माझा संतापच झाला. म्हटलं, काका, वेड लागलं का? चार दिवसांनी ताबा द्यायचाय. हा हरभरा निघेल तेव्हा तुमचा एक दाणा असणार नाही यात. बियाणं तुमचं, ट्रॅक्टर तुमचा, पीक त्याचं. आणि तो बघणारही नाही. पुण्यात बसून हरभरा होतो का? सगळं वाळून जाईल आणि तुम्ही पुन्हा कुंपणाबाहेर उभे राहाल. कायले हा खटाटोप?

त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली. ट्रॅक्टर वळेपर्यंत तिकडंच बघत राहिले.

“माहेराहून लेक रिकाम्या ओटीनं धाडतेत काय?” ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते लपवलंही नाही, काकांचंही लक्ष पेरणीकडंच होतं. भावांच्या नावे सही करून एसटीत बसले होते तेव्हा माझ्या मांडीवर पिशवी होती, तीही माझीच.

निखिल शनिवारी आला, बायकोला घेऊन. काकांनी गेटची किल्ली त्याच्या हातात दिली. नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्याच्या ओळी बघत तो धुऱ्यावरून चालत गेला. मग तो म्हणाला, “काका, पण हे बघणार कोण? मला यातलं काहीच येत नाही.” काका म्हणाले, फुलोऱ्याच्या आधी एक पाणी द्यायचं, मग घाटे भरताना जमलं तर एक. तेवढ्यावर ती निभावून नेईल. आणि त्याला नमस्कार करून ते एसटीच्या रस्त्याला लागले, मागं वळून बघितलं नाही. निखिलची बायको माझ्याकडं बघून म्हणाली, काकांना राग आलाय का? मी म्हटलं, नाही हो.

त्यानंतर काका वावरावर गेले नाहीत. सोमवारीसुद्धा नाही. मी विचारलं तर विषय बदलायचे. नवीन पाहुणा आला की त्याची चौकशी करायचे, पण एखादा प्रश्न विसरायचे. एकटे पडले होते बिचारे, आणि ते मान्य करायला तयार नव्हते.

डिसेंबरात एका सकाळी माझा फोन वाजला. निखिल. पुण्याहून असेल असं मला वाटलं, तर मागं वारा आणि पाखरांचा आवाज. तो वावरातच उभा होता. आदल्या दिवशीच सुट्टी काढून आला होता, विहिरीवरची मोटार दुरुस्त करून घेतली होती, स्प्रिंकलरच्या नळ्या भाड्यानं आणल्या होत्या. म्हणाला, “ताई, काकांचा फोन लागत नाहीये. दोन-चार ठिकाणी कळ्या दिसतात. पाणी आज देऊ, की उशीर झाला?”

काका समोर बाकड्यावरच होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. कळ्या कुठल्या बाजूला आहेत, झाड किती उंच आहे, मातीचा गोळा होतो का, सगळं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, आजच द्या, पण हलकं द्या, साचू देऊ नका. फोन त्यांनी मला परत दिला. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

मी म्हटलं, काका, अकराची एसटी उभीच आहे. जा. बघून या.

ते उठले. पायरीपर्यंत गेले. मग परत येऊन बाकड्यावर बसले.

“नाई पोरी,” ते म्हणाले. “आता तिचा संसार हाय. बोलावल्याबिगर जाऊ नाई.”

एसटी निघून गेली. ती वळणाआड जाईपर्यंत काका तिच्याकडं बघत होते, आणि मी खाली मान घालून, कुणाचातरी दस्त लिहीत असल्यासारखं दाखवत, निखिलला मेसेज लिहीत होते: उद्या काकांना वावरात जेवायला बोलवा. लेकीचे वडील आहेत, बोलावल्याशिवाय यायचे नाहीत.